न उचलण्याचं काम

त्या हॉस्पिटलात क्रेनमामांना ओळखत नाही असा माणूस म्हणजे त्याच दिवशी सकाळी दाखल झालेला पेशंट, आणि त्याचीही दुपारपर्यंत ओळख होऊन जायची. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात मामा एकतीस वर्षं वॉर्डबॉय होते. त्यांच्यात 'बॉय' म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं. डोक्यावरचे केस गेले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. खांदे मात्र अजून असे की अरुंद दारातून तिरकं व्हावं लागायचं. ऐंशी किलोच्या माणसाला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवायचं तर एरवी तिघं लागायचे, आणि त्या तिघांत कुणी कुठे धरायचं यावरून आधी वाद व्हायचा. मामा एकटे यायचे. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली, "आजोबा, माझ्या मानेला धरा बरं," एवढं बोलायचे, आणि आजोबांनी मान धरेपर्यंत आजोबा खुर्चीत पोचलेले असायचे.

मामांना या कामाचा अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. उचललेलं पेशंटला कळतासुद्धा कामा नये, असं त्यांचं म्हणणं. घरी जाताना नातेवाईक डॉक्टरांचे आभार मानायचे, पण डोळ्यांत पाणी यायचं ते मामांपाशी. तुम्ही होतात म्हणून आमच्या बाबांना एक पाऊलसुद्धा टाकावं लागलं नाही, असं कुणी म्हणालं की मामा मान खाली घालून हसायचे आणि तो दिवस त्यांचा फार चांगला जायचा.

एक गोष्ट मात्र होती. म्हातारी माणसं वॉर्डात बहुतेक आपल्या पायांनी यायची. कुणाचा तरी दंड धरून, दोनदा थांबून, दम खात, पण चालत यायची. मग ताप उतरायचा, खोकला जायचा, सगळे रिपोर्ट छान यायचे, आणि तीच माणसं स्ट्रेचरवर आडवी पडून घरी जायची. मामांना हे दिसत नव्हतं असं नाही. वय झालं, असं ते म्हणायचे. डॉक्टर तेच म्हणायचे आणि घरचेही तेच म्हणायचे. वय झालं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. दाखल होतानाही वय तेवढंच होतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मामांना एक मोठी बहीण होती. चौदा वर्षांनी मोठी. मामा दोन वर्षांचे असताना आई गेली, त्यामुळे आई म्हणून त्यांना जे आठवतं ते ताईच आहे. लग्नानंतर ताईचा नवराही लवकर गेला. तिने इस्त्रीचं दुकान टाकलं आणि चाळीस वर्षं टेबलापुढे उभं राहून लोकांचे कपडे कडक करून दिले. आधी कोळशाची इस्त्री, मग विजेची. त्यावर मुलगा शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, तिथे त्याने तळमजल्यावर घर घेतलं. आई, आता माझ्याकडे ये, असं तो दरवर्षी म्हणायचा. ताई विचारायची, येऊन करू काय? बसू? बसणं हे तिच्या लेखी आजारपण होतं. दुकान बंद झाल्यावरही, बहात्तराव्या वर्षी, ती पंधरा पायऱ्या वरच्या आपल्या दोन खोल्यांत पाचसहा जुन्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना इस्त्री करत होती. कपडे घ्यायला कुणी आलं की जिना उतरून हातात द्यायची. गिऱ्हाईक वर आलं तर चपला काढत नाही, हे कारण.

या ताईला एका आठवड्यात छातीत कफ होऊन जोरदार ताप भरला. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले, आणि तिला मामांच्याच वॉर्डात दाखल केलं. खिडकीजवळचा नऊ नंबरचा पलंग. रिक्षातून उतरून लिफ्टपर्यंत ती चालत आली, आणि लिफ्टमध्ये तिने मामांना विचारलं की तू जेवलास का.

तिथून पुढे मामांनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पलंगाच्या पायथ्याशी एक दांडा असतो, तो फिरवून पलंग पार वर घेतला, म्हणजे सिस्टरांना वाकावं लागणार नाही आणि सगळे ताईकडे नीट लक्ष देतील. दोन्ही बाजूंचे कठडे लावले. चष्मा फुटेल म्हणून कपाटात ठेवला. बूट कशाला लागणार म्हणून भेटून परत निघालेल्या भाच्याबरोबर तिच्या घरी पाठवले. पहिले दोन दिवस ताई ग्लानीत होती तेव्हा लघवीची नळी घातली होती. तिसऱ्या दिवशी सिस्टर ती काढायला आल्या, तर मामांनी हात जोडले. "राहू द्या हो. उगाच तिला उठबस." सिस्टरांच्या हातात सतरा कामं होती. नळी राहिली. ती काढायला हवी होती, आणि ती मामांच्याच शब्दावर राहिली, हे आधी सांगून ठेवलेलं बरं.

मामा सुट्टीच्या दिवशीही यायचे. घास भरवायचे, पाणी चमच्याने द्यायचे, केस विंचरायला वॉर्डातल्या मावशींना सांगायचे. चादर बदलायची झाली की ताईला दोन्ही हातांवर अलगद उचलून उभे राहायचे आणि मावशी खालची चादर ओढून घ्यायच्या. ताई डोळे मिटून पडून असायची. "बघा, बहिणीचं नशीब बघा," शेजारच्या पलंगावरची बाई आपल्या सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. मामा सगळ्यांना सांगायचे की ताईचा पाय मी जमिनीला लागू देणार नाही. आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी नऊ दिवस तो लागू दिला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. छाती साफ, ताप नाही, भूक चांगली. उद्या घरी, ते म्हणाले, आणि सहज पुढे म्हणाले, जरा उभ्या राहा बघू. मामांनी कठडा खाली केला. ताईने पाय खाली सोडले, पलंगावरून घसरली, आणि तळवे टेकले तसे गुडघे वाकले. मामांनी अर्थातच वरच्या वर झेलली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ताई आपल्या पायांकडे बघत राहिली. चाळीस वर्षं तिला उभं ठेवणाऱ्या त्या पायांच्या पोटऱ्यांवरची कातडी सैल लोंबत होती.

डॉक्टरांनी भाच्याला फोन केला. आईला आता चोवीस तास माणूस लागेल, एकटीने राहणं जमणार नाही. भाचा भला माणूस. त्याने तासाभरात उलट फोन करून सांगितलं की मागची खोली रिकामी करतो, पलंग आणतो, बाई ठेवतो. ते ऐकून ताईने तोंड भिंतीकडे फिरवलं. मामांनी तिला हाक मारली तेव्हा फक्त एवढं म्हणाली, "माझी इस्त्री कुणाला तरी देऊन टाक."

मामांनी डॉक्टरांना दारात गाठून गळ घातली. डॉक्टर विचार करून म्हणाले, एक आठवडा देतो. आठवड्यात कुणाच्या हाताशिवाय उठून बाथरूमला जाऊन आल्या आणि इथला जिना पंधरा पायऱ्या चढल्या, तर त्यांच्या घरी पाठवतो. नाही तर मुलाकडे. आणि त्यांनी कागदावर व्यायामवाल्या मॅडमना बोलावणं लिहिलं.

या मॅडमना वॉर्डात उठामॅडम म्हणायचे, कारण त्यांचा पहिला शब्द तोच असायचा. चार वॉर्ड सांभाळायच्या, त्यामुळे नमस्कार-चमत्काराला वेळ नसायचा. त्यांनी टेप काढून ताईच्या पोटऱ्या मोजल्या, गुडघे दाबून बघितले, आणि विचारलं, "यांना उचलतं कोण?"

"मी," मामा म्हणाले. छाती थोडी पुढे आलीच.

"रोज?"

"रोज. नऊ दिवस खाली पाय ठेवू दिला नाही."

मॅडमनी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि मामांना त्या पलंगाच्या मोकळ्या कडेवर बसायला सांगितलं. मामा बसले. एवढा उंच माणूस, पण त्यांचेही पाय लोंबकळत राहिले. आता हात न टेकता उतरा, मॅडम म्हणाल्या. मामा उतरले. तुम्ही उडी मारलीत, मॅडम म्हणाल्या, यांनी कशी मारायची? मग त्यांनी मामांना सरळ शब्दांत सांगितलं. तरुण माणूस आठवडाभर झोपून राहिला तर दोन दिवस लटपटतो आणि चालू लागतो. म्हाताऱ्या माणसाची ताकद आधीच काठावर असते. आठवडाभर पाय वापरले नाहीत की ती इतकी उतरते की खुर्चीतून उठायला पुरत नाही. "न्यूमोनिया औषधांनी गेला, मामा. पाय पलंगाने घेतले. नऊ दिवस यांच्या वाटचं चालणं तुम्ही चाललात."

मामांना राग आला. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. "मॅडम, तुमचा जन्म नव्हता झाला तेव्हापासून मी इथे माणसं उचलतोय."

"मी तेच म्हणतेय," उठामॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या वॉर्डात गेल्या.

दुपारी जेवायच्या सुट्टीत मामा धुतलेल्या चादरींच्या खोलीत जाऊन बसले. डबा उघडला नाही. त्यांना एकेक माणूस आठवायला लागला. एक निवृत्त ड्रायव्हर होते, मला खिडकीपर्यंत तरी जाऊ दे म्हणून रोज मागे लागायचे. मामा त्यांना उचलून खिडकीपाशी न्यायचे. ते स्ट्रेचरवर गेले. एक शाळेतल्या बाई होत्या, बाथरूमला मी जाते म्हणायच्या. मामा म्हणायचे, मी असताना तुम्ही कशाला? त्याही तशाच गेल्या. सगळ्यांनी जाताना मामांचे हात हातात घेतले होते. मामांना लाज वाटली. इतकी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाला सांगायची हेही कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उठामॅडमना जिन्यात गाठलं. "मॅडम, मग त्या सगळ्यांना मीच..."

मॅडम पहिल्यांदाच थांबल्या. "एकटे तुम्ही नाही. डॉक्टर मला बोलावणं उशिरा लिहितात. मी चार वॉर्डांत धावते आणि निम्म्यांना गाठतच नाही. नळी वेळेवर काढायला कुणाला सवड नाही. पडू नये म्हणून झोपवून ठेवणं सगळ्यांनाच सोयीचं असतं." मग म्हणाल्या, "ताईंचे सहा दिवस आहेत हातात. ते बघू."

मामांनी दांडा उलटा फिरवला आणि नऊ नंबरचा पलंग खाली आणला, ताईचे तळवे सपाट टेकतील इतका. नळी काढायला लावली. चष्मा तिच्या नाकावर आला. घरून बूट आणले आणि तिचे रोजचे कपडेही, कारण हॉस्पिटलच्या झग्यात कुणाला फिरावंसं वाटत नाही, असं मॅडमचं म्हणणं. जेवण पलंगावर नाही, खुर्चीत. चमचा तिच्या हातात. दर दोन तासांनी उठायचं, कमरेला पट्टा बांधायचा, वॉकर धरायचा, मामांनी पट्ट्याला फक्त एक हात लावून मागे राहायचं. उचलायचं नाही. तोल गेलाच तर सावरायचं, पण उचलायचं नाही.

यातलं शेवटचं सर्वांत अवघड गेलं. ताई खुर्चीतून उठायला बघायची, अर्ध्यावर जायची, थरथरायची, परत बसायची. एका उठण्याला दहा मिनिटं. मामांना ते बघवेना. दोन सेकंदांचं काम! त्यांचे हात आपोआप पुढे जायचे, मग ते एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे धरून उभे राहायचे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. घामाघूम ताई होत नसे इतके ते व्हायचे.

"उचल ना रे," ताई म्हणायची.

"नाही, ताई."

पहिल्या दिवशी तिला वाटलं चेष्टा चालली आहे. दुसऱ्या दिवशी तिने मामांशी बोलणं टाकलं. पाणी हवं असेल तरी मावशींना सांगायची. शेजारच्या बाईने पक्ष बदलला आणि आता सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायला लागली की बघ, सख्खी बहीण, पण बरी व्हायला लागली तसा माणूस बदलला. भेटायला आलेल्या लोकांनीही मामांना चार शब्द सुनावले. म्हाताऱ्या बाईला असं छळतात का? मामा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. त्यांना बोलता येत नव्हतं, कारण आठवड्यापूर्वी तेही हेच बोलले असते.

चौथ्या दिवशी दुपारी ताई खुर्चीत बसली होती. तीनदा उठायचा प्रयत्न फसला होता. मामा समोर स्टुलावर, हात मांड्यांखाली दाबून. बराच वेळ गेला आणि ताईने दोन दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"धाकट्या, तुला एक सांगू? मला येत होतं उठता."

मामांनी मान वर केली.

"तिसऱ्या-चौथ्या दिवशी. ताप उतरला तेव्हा. मला कळत होतं की पाय टेकले तर उभी राहीन. सिस्टर नळी काढायला आल्या तेव्हा मी जागीच होते. तू नको म्हणालास, मी डोळे मिटून पडले." ती चष्मा काढून पदराच्या टोकाने पुसत राहिली. "आई गेल्यावर तुला काखेत घेऊन सगळं केलं. पाणी भरलं, भाकऱ्या केल्या. मग यांचं आजारपण आलं, यांना उठवायचं, बसवायचं. मग पोरगं. मग लोकांच्या कपड्यांची गाठोडी. मला कुणी कधी उचललं नव्हतं रे. तू उचललंस ना, तर मला वाटलं, आता राहू दे चार दिवस. एवढं तर चालेल. पाय असे जातील हे मला काय माहीत."

मामा ढसाढसा रडले. स्टुलावर बसून, भर वॉर्डात, मांड्यांखालचे हात काढायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. आपण बहिणीवर माया केली हे खोटं नव्हतं आणि तिने ती घेतली यात तिचं काही चुकलं नव्हतं, आणि तरीही त्यातूनच हे झालं होतं. याचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. शेजारची बाई कधी नव्हे ते गप्प बसली.

"पुरे," ताई म्हणाली. "मनासारखं उचलून घेऊन झालं माझं. आता तो वॉकर जवळ आण."

त्या दिवशी ती उठली. सहाव्या प्रयत्नाला, खुर्चीचे हात घट्ट धरून, पण उठली. पाच पावलं गेली. पाचव्या दिवशी सकाळी वॉर्डाच्या दारापर्यंत, दुपारी बाहेरच्या व्हरांड्यात. तिथे मधोमध तिचे गुडघे वाकले. तोल जरासा गेला होता. उठामॅडमनी शिकवल्याप्रमाणे पट्टा धरून आधार द्यायचा होता. पण मामांच्या अंगात एकतीस वर्षांची सवय, कळायच्या आत ताई त्यांच्या दोन्ही हातांवर होती आणि वॉकर एकटाच व्हरांड्यात उभा होता. समोरून उठामॅडम येत होत्या.

मॅडमना काही बोलायची पाळीच आली नाही. ताईने मामांच्या खांद्यावर एक चापट दिली, लहानपणी द्यायची तशी. "खाली ठेव मला. आत्ता. होते तिथेच ठेव, मागे नेऊन ठेवू नकोस, आलेली पावलं फुकट जातील." मामांनी तिला खाली ठेवलं. उठामॅडम त्या वॉर्डात कधी हसल्या नव्हत्या, त्या दिवशी हसल्या.

सहाव्या दिवशी जिना. कठडा धरून, एक पाय आधी, मग दुसरा, एकेक पायरी. ताई आठव्या पायरीवर बसली. मामा दोन पायऱ्या खाली उभे. वरून उतरणाऱ्या लोकांना ते हाताने बाजूला काढत होते आणि ताई त्या लोकांना सांगत होती की तुमचं चालू द्या, मला घाई नाही. अर्ध्या तासाने ती पंधरावी चढली. वर पोचल्यावर तिने पायरीवर पडलेला एक कागदाचा कपटा दाखवला आणि विचारलं की इथे झाडतं कोण.

राहिलं होतं बाथरूम. तिथे अजून रोज मावशी बरोबर जायच्या, कारण बसायची जागा ठेंगणी होती आणि तिथून उठताना ताईला कुणाचा तरी हात लागायचा. भिंतीला दांडी होती, पण ती ओढूनही ताईला अजून पुरतं उठता येत नव्हतं. सहाव्या दिवशी संध्याकाळीसुद्धा मावशींनी हात दिला होता.

सातव्या दिवशी सकाळी भाचा गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर त्याने गादी अंथरली होती, उशा लावल्या होत्या. मागची खोली तयार आहे, असं त्याने मामांना सांगितलं. रंगही काढलाय, खिडकीतून झाड दिसतं. तो हे सगळं इतक्या मनापासून सांगत होता की मामांना त्याच्यावर रागावताही येईना. या हॉस्पिटलात त्यांना मामा म्हणायचा खराखुरा हक्क असलेला हा एकच माणूस होता, आणि मामांना मनापासून वाटत होतं की त्याची ती खोली रिकामी राहावी.

डॉक्टर आले, जिन्याचं ऐकून खूश झाले, आणि म्हणाले, आता बाथरूमला जाऊन या. ताई उठली. वॉकर घेऊन वीसेक पावलं गेली. मावशी सवयीने मागे निघाल्या तर तिने त्यांना मान हलवून थांबवलं. आत गेली, दार लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

वॉर्डात कडी घालायची नाही असा नियम होता. दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलंही होतं. सगळे एकदम मामांकडे बघायला लागले, कारण ते दार एका खांद्यात तोडू शकेल असा तिथे दुसरा कुणी नव्हता.

मामा दाराबाहेर उभे राहिले. आत पाणी वाहिलं, थांबलं. मग काहीच नाही. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. भाचा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मग आत काहीतरी दाणकन आपटलं.

"मामा, दार उघडा!" भाचा म्हणाला. "पडली ती!"

मामांनी खांदा दाराला लावला. एका धक्क्याचं काम होतं. पण त्यांनी धक्का दिला नाही. दाराला कान लावून, शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "ताई?"

"पाण्याचा मग पडला," आतून आवाज आला. "मी नाही. तिथून हल तू. माणसाला इथे तरी एकटं सोडा."

मामा हलले नाहीत, पण खांदा काढला. आतून दांडी करकरल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा करकरली. ताईचा एक मोठा श्वास ऐकू आला. त्या मिनिटभरात मामांना जेवढे कष्ट पडले तेवढे एकतीस वर्षांत कुणालाही उचलताना पडले नव्हते. त्यांचं सगळं अंग दुखत होतं आणि ते नुसते उभे होते.

कडी निघाली. ताई दारात उभी होती, हात धुतलेले, कपडे नीट केलेले, चेहरा घामाने डबडबलेला. तिने वॉकरचे पाय उंबरठ्यापलीकडे टाकले. भाचा धावला, आईच्या दंडाला धरायला. मामांनी त्याचा हात मध्येच पकडला. त्या पकडीतून सुटणं शक्यच नव्हतं.

"पण मामा, ती..."

"चालू दे तिला," मामा म्हणाले. त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या. "तू आणि मी मागून चालायचं. बास."

ताई पलंगापर्यंत गेली नाही. ती सरळ वॉर्डाच्या दाराकडे वळली, गाडी खाली उभी आहे ना म्हणाली, आणि भाच्याला आपल्या घराचा रस्ता सांगायला लागली. त्याला तो लहानपणापासून पाठ होता. तो सगळं ऐकत मागून चालला, आणि त्याच्यामागून, दोन्ही हात मोकळे सोडून, मामा.